सर्वसामान्य वाचकांसाठी दख्खनच्या इतिहासाची नवी पुस्तके : काय वाचावे आणि कसे पारखावे

गोदातीर

सर्वसामान्य वाचकाला समोर ठेवून लिहिलेल्या इतिहासाच्या नव्या पुस्तकांविषयी, आणि त्यातही दख्खनविषयक पुस्तकांविषयी, सविस्तर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. गेल्या काही वर्षांत इंग्रजीत अशी पुस्तके एकामागून एक आली. मनू पिल्लै यांचे 'रिबेल सुल्तान्स' २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. खिलजीच्या स्वारीपासून शिवाजी महाराजांपर्यंतचा दख्खन हा त्याचा विषय आहे. अनिरुद्ध कनिसेट्टी यांचे 'लॉर्ड्स ऑफ द डेक्कन' २०२२ मध्ये आले आणि त्यात बदामीचे चालुक्य, राष्ट्रकूट व कल्याणीचे चालुक्य असा सलग पट मांडला आहे. त्यांचेच चोळांवरील पुस्तक २०२५ मध्ये आले. विल्यम डालरिंपल यांच्या २०२४ मधील 'द गोल्डन रोड'चा विषय दख्खनपुरता नाही, परंतु प्राचीन सागरी व्यापाराच्या निमित्ताने आपला पश्चिम किनारा त्यात येतोच.

मला ही पुस्तके महत्त्वाची वाटतात, कारण मराठी वाचकाच्या मनातला इतिहासाचा नकाशा फार विषम आहे. शिवकाळ आणि पेशवाई यांतील लढाया, तह, किल्ले, इतकेच काय पण घोड्यांची नावेही आपल्याला तोंडपाठ असतात; मात्र त्याआधीच्या दीड हजार वर्षांत याच भूमीवर राज्य करणाऱ्यांपैकी चार राजांची नावे सलग सांगता येणे अवघड जाते. सातवाहन म्हटले की शालिवाहन शक आठवतो, यादव म्हटले की ज्ञानेश्वर आठवतात, आणि मधला राष्ट्रकूटांचा काळ तर जवळजवळ कोराच असतो. वास्तविक नवव्या शतकातील अरब व्यापारी राष्ट्रकूट राजाला 'बल्हरा' म्हणत आणि जगातल्या मोठ्या राजांत त्याची गणना करीत. वेरूळचे कैलास लेणे पाहायला आपण सहकुटुंब जातो, परंतु ते कोरवणाऱ्या घराण्याविषयी एकही वाचनीय पुस्तक आपल्या घरात नसते.

ही पोकळी भरणारी पुस्तके आली याचा आनंद आहे. आता प्रश्न त्यांच्या पारखीचा आहे. माझ्या मते या प्रकारच्या पुस्तकाची खरी कसोटी एकच आहे. लेखक आपल्याला केवळ निष्कर्ष सांगतो, की तो निष्कर्ष कशाच्या आधारे काढला तेही दाखवतो? भाषा ओघवती असणे आवश्यकच आहे, पण ओघवती भाषा चित्रफितींतही असते.

कैलास लेण्याचेच उदाहरण घेतो. ते पहिल्या कृष्णराजाने कोरवले असे आपण वाचतो. हे कशावरून ठरले? वडोदरा येथे मिळालेल्या, राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतील कर्क राजाच्या ताम्रपटात (शके ७३४) कृष्णराजाने एलापूरच्या, म्हणजे वेरूळच्या, डोंगरावर उभारलेल्या देवालयाचे वर्णन आहे. आकाशातून विमानाने जाणारे देव ते पाहून थक्क होतात आणि हे मनुष्याचे काम नव्हे, हे स्वयंभू आहे असे म्हणतात. खुद्द ते घडवणारा शिल्पीही आपल्या हातून हे कसे झाले म्हणून आश्चर्य करतो. कैलासाचे कर्तृत्व कृष्णराजाकडे जाते ते मुख्यतः या ताम्रपटावरून, आणि तो त्याच्यानंतर काही दशकांनी कोरलेला आहे. कामाचा आरंभ त्याच्या आधीच्या राजाच्या, दंतिदुर्गाच्या, वेळी झाला असावा असे मानणारेही अभ्यासक आहेत. 'कैलास अठरा वर्षांत पूर्ण झाले' हे वाक्य मात्र त्या ताम्रपटात कुठेही नाही. कृष्णराजाची कारकीर्द साधारण तेवढीच होती आणि तिचाच आकडा बांधकामाचा कालावधी म्हणून फिरत राहिला, असे दिसते. पुढे त्याच आकड्यावर 'इतक्या कमी वेळात हे माणसांना अशक्य, म्हणून परग्रहवासीयांनी केले' असा इमला उभा राहिला, आणि ज्या पाथरवटांच्या छिन्नीच्या खुणा आजही त्या कातळावर दिसतात, त्यांचे श्रेय आपण आपल्याच हाताने काढून घेतले. मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. सामान्य वाचकाला ताम्रपटापर्यंत नेणारे पुस्तक हाती असते तर ही वेळ आली नसती.

दुसरे उदाहरण दुसऱ्या पुलकेशीचे. त्याने सम्राट हर्षाला नर्मदेवर रोखले, हे ऐहोळेच्या मेगुती देवळातील शके ५५६ च्या शिलालेखात आहे. तो लेख रविकीर्ती या कवीने रचला. तीन महाराष्ट्रकांतील नव्याण्णव हजार गावांवर पुलकेशीची सत्ता असल्याचा उल्लेखही त्यातलाच. परंतु रविकीर्ती हा पुलकेशीचा आश्रित होता आणि त्याच लेखात त्याने स्वतःला कालिदास व भारवी यांच्या पंक्तीला बसवले आहे. राजाच्या पदरी असलेल्या कवीचे शब्द जसेच्या तसे घ्यायचे का? येथे ह्युएन त्संग मदतीला येतो. हा चिनी यात्रेकरू हर्षाचा सन्मान्य पाहुणा होता, आणि तोच सांगतो की हर्षाने अनेक प्रदेश जिंकले, पण या प्रदेशातील लोक त्याला वश झाले नाहीत. येथील माणसे उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, लढाईपूर्वी हत्तींना मद्य पाजतात, असेही तो लिहितो. प्रतिपक्षाचा पाहुणाच जेव्हा तीच गोष्ट सांगतो, तेव्हा दरबारी काव्यातील ते विधान विश्वसनीय ठरते. हे तर्कशास्त्र वाचकाला उलगडून दाखवले तर रसभंग होत नाही, उलट रस वाढतो, असे माझे ठाम मत आहे.

कनिसेट्टी यांच्या पुस्तकात राजसभा, रणभूमी, मिरवणूक अशी दृश्ये रंगवण्याकडे कल आहे. कुठे पुरावा संपतो आणि कल्पना सुरू होते, हे त्यांच्या टिपा काढून वाचणाऱ्याला कळते. न वाचणाऱ्याला नेहमीच कळेल असे नाही. तरीही प्रशस्ती, म्हणजे लेखांतील राजाचे स्तुतिकाव्य, ही राजाची जाहिरात, हे ते वाचकाच्या मनावर वारंवार ठसवतात आणि देवळे, दाने व विजयवर्णने यांच्याकडे सत्तेची साधने म्हणून पाहायला शिकवतात, हे त्या पुस्तकाचे मोठे यश मानतो.

जाणकारांनी दोन गोष्टींवर लिहावे अशी विनंती आहे. यांतील कोणती पुस्तके आपण वाचली आणि आधार दाखवण्याच्या कसोटीवर ती कशी उतरली? आणि या तोडीचे, या काळावरचे, मराठीत मुळातून लिहिलेले काय वाचावे?

सांगाती

अतिशय उपयुक्त धागा. मी वाणिज्य शाखेचा माणूस आहे. इंग्रजी वाचता येते, पण चारशे पानांचे पुस्तक टिपांसह वाचण्याचा सराव नाही. या पुस्तकांपैकी पहिल्यांदा कोणते घ्यावे? आणि टिपा प्रत्येक पानाबरोबर वाचायच्या की प्रकरण संपल्यावर?

गोदातीर

सांगाती, आपण 'रिबेल सुल्तान्स'पासून आरंभ करावा. ते तुलनेने आटोपशीर आहे आणि त्यातील बरीचशी पात्रे आपल्याला नावाने तरी परिचित असतात : चांदबीबी, मलिक अंबर, विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशाह. हा इब्राहीम संगीतावरच्या आपल्या 'किताब-ए-नवरस' या ग्रंथात सरस्वती आणि गणपती यांना वंदन करतो, आणि विजयनगरचे राजे स्वतःला 'हिंदूराय सुरत्राण', म्हणजे हिंदू राजांतील सुलतान, म्हणवून घेतात. सोळाव्या शतकातला दख्खन आपल्या आजच्या कप्प्यांत बसत नाही, हे त्या पुस्तकाने फार चांगले दाखवले आहे. टिपांविषयी म्हणाल तर प्रकरण एकदा सलग वाचावे, आणि ज्या विधानाने आपण सर्वाधिक चकित झालो, निदान त्याची टीप अवश्य काढून पाहावी.

ताम्रपट

गोदातीर यांच्या कसोटीशी सहमत आहे, परंतु तीच कसोटी लावून एक तक्रार मांडतो. शिलालेख आणि ताम्रपट यांच्यावर आधारलेल्या प्राचीन काळाविषयी इंग्रजीतील नवे लेखक चांगले लिहितात, कारण त्या काळाची साधने कोरीव लेख छापणाऱ्या एपिग्राफिया इंडिकासारख्या मालिकांतून इंग्रजी भाषांतरासह शंभर वर्षांपासून उपलब्ध आहेत. मराठाकाळाकडे येताच चित्र बदलते. येथे साधनांचा डोंगर मराठीत आहे आणि त्याचा मोठा भाग मोडीत आहे. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालिकेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला आणि तिचे बावीस खंड सिद्ध केले. सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० नंतरच्या मोजक्या वर्षांत संपादित केले. हे सारे छापील आहे. तरीही अखिल भारतीय वाचकासाठी लिहिलेल्या अनेक पुस्तकांत मराठ्यांचे प्रकरण आले की संदर्भ कंपनीच्या कागदपत्रांकडे, फारसी तवारिखांच्या इंग्रजी भाषांतरांकडे आणि फार तर ग्रांट डफकडे जातात. ग्रांट डफचा इतिहास १८२६ चा आहे, आणि नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी त्याच्यावर मराठीत टीका केली त्यालाही दीडशे वर्षे उलटून गेली आहेत.

यामुळे काय बिघडते ते पानिपतावरून स्पष्ट होईल. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईविषयी सर्वाधिक उद्धृत होणारा वृत्तांत काशीराज पंडिताचा. हा दक्षिणी ब्राह्मण अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी होता, म्हणजे लढाईच्या दिवशी अब्दालीच्या बाजूच्या गोटात होता. त्याने आपला वृत्तांत सुमारे वीस वर्षांनी फारसीत लिहिला आणि इंग्रजांनी त्याचे भाषांतर अठराव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध केले. इंग्रजीत सहज मिळतो म्हणून तो सर्वत्र दिसतो. दुसरीकडे भाऊसाहेबांची बखर आपल्याकडे घरोघरी पोचली, कारण तिची भाषा विलक्षण जिवंत आहे; परंतु तिच्यातील संवाद बखरकाराने रचलेले आहेत आणि तिला प्रत्यक्षदर्शीची साक्ष म्हणता येत नाही. या दोहोंपेक्षा भरवशाची साधने म्हणजे मोहिमेच्या काळात लिहिलेली पत्रे. ज्याने पत्र लिहिले त्याला पुढचा निकाल ठाऊक नव्हता. रसद कुठे अडकली, पैसा किती उरला, कुंजपुरा घेतल्यावर काय हाती लागले, हे तो त्या त्या दिवसाच्या चिंतेने लिहितो. इतिहासकार शेजवलकरांनी पानिपतावर लिहिताना ही पत्रे बारकाईने वापरली. नव्या लेखकांत डॉ. उदय कुलकर्णी यांनी 'सॉल्स्टिस अॅट पानिपत' (२०११) इंग्रजीत लिहिताना मराठी पत्रांचा सढळ उपयोग केला, म्हणून ते मला या वर्गातील अनुकरणीय पुस्तक वाटते. ते पेशाने शल्यचिकित्सक आहेत. व्यावसायिक इतिहासकार नसलेल्या माणसालाही मूळ कागदाशी प्रामाणिक राहून वाचनीय लिहिता येते, हे त्यावरून दिसते.

म्हणून माझी सूचना अशी, की मराठाकाळावरचे कोणतेही नवे इंग्रजी पुस्तक विकत घेण्यापूर्वी शेवटची संदर्भसूची चाळावी आणि तीत मराठी साधने किती आहेत ते पाहावे. एकही नसेल तर पुस्तक परत फडताळात ठेवावे.

मांडवी

ताम्रपट यांच्या सूचनेला गोव्याकडून एक जोड देते. संभाजी महाराजांच्या काळातील गोव्यावरची स्वारी असो वा चिमाजी आप्पांची १७३७ ते १७३९ ची वसई मोहीम, दुसऱ्या बाजूचे कागद पोर्तुगीज भाषेत आहेत. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी पणजीच्या पुराभिलेखागारात आयुष्य वेचून ते उजेडात आणले आणि 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ मराठीत लिहिला. मराठी वाचकाच्या हाती ही सामग्री त्याच्याच भाषेत असूनही लोकप्रिय लेखनात ती क्वचितच उतरते. वसईवर लिहिणाऱ्याने निदान तो ग्रंथ पाहिलेला असावा, एवढी अपेक्षा माफक आहे.

सांगाती

'परत फडताळात ठेवावे' हे थोडे कठोर वाटले. ज्याला मराठी वाचता येत नाही, अशा तमिळ किंवा बंगाली लेखकाने मराठ्यांवर लिहूच नये का?

ताम्रपट

अवश्य लिहावे, आणि लिहितातही. स्टुअर्ट गॉर्डन किंवा रिचर्ड ईटन यांची मातृभाषा मराठी नाही, तरी दख्खनचा कोणताही गंभीर वाचक त्यांना टाळू शकत नाही. माझा आक्षेप लेखकाच्या जन्मभाषेवर नाही. उपलब्ध साधनांकडे पाठ फिरवण्यावर आहे. भाषा येत नसेल तर जाणकाराचे साहाय्य घ्यावे आणि तसे प्रस्तावनेत नमूद करावे. जदुनाथ सरकार बंगाली होते. त्यांनी मराठी साधनांची दखल घेतली, सरदेसायांशी आयुष्यभर पत्रव्यवहार ठेवला, आणि दोघांनी एकमेकांच्या चुकाही दाखवल्या.

लिफीकाठ

ईटन यांचे नाव निघाले म्हणून लिहितो. त्यांचे 'अ सोशल हिस्टरी ऑफ द डेक्कन' २००५ चे, म्हणजे नवे नाही. परंतु सामान्य वाचकासाठी त्याची रचना आजही नमुनेदार वाटते. सुमारे साडेचारशे वर्षांचा दख्खन त्यांनी आठ माणसांच्या चरित्रांतून सांगितला आहे : वरंगळचा प्रतापरुद्र, गुलबर्ग्याचे गेसूदराज, महमूद गवान, विजयनगरचा रामराय, मलिक अंबर, तुकाराम महाराज, तेलंगणातील पापडू आणि महाराणी ताराबाई. राजे, वजीर, सूफी, संत, गुलाम म्हणून आणलेला सेनापती आणि ताडी काढणाऱ्या समाजातून आलेला बंडखोर एकाच ग्रंथात समान आदराने येतात. ताराबाईंनी १७०० मध्ये राज्याची सूत्रे हाती घेऊन औरंगजेबाशी झुंज चालू ठेवली आणि १७६१ च्या डिसेंबरात, पानिपताचा आघात झालेल्या वर्षीच, त्यांचे निधन झाले. एका आयुष्याच्या दोन टोकांत मराठी सत्तेचा सगळा चढउतार मावतो. ही निवडच किती विचारपूर्वक आहे!

मलिक अंबरविषयी थोडे अधिक, कारण मी डब्लिनमध्ये राहतो आणि येथील चेस्टर बीटी संग्रहात त्याच्याशी संबंधित एक चित्र आहे. जहांगीराच्या दरबारातील अबुल हसन याने ते साधारण १६१६ च्या सुमारास काढले. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, गोल बैलाच्या पाठीवर आहे, बैल माशावर आहे. आणि बादशहा भाल्याच्या टोकावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मस्तकावर बाण सोडतो आहे. त्या मस्तकावर घुबड बसले आहे. सोन्याचा वर्ख आणि केसाएवढ्या बारीक रेषा पाहून नजर हटत नाही. चित्र असे आहे, आणि इतिहास असा, की जहांगीराला मलिक अंबर कधीही सापडला नाही. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला, १६१० मध्ये त्याने खडकी (पुढचे औरंगाबाद) शहर वसवले, १६२४ मध्ये भातवडीला मुघल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला, आणि १६२६ मध्ये वार्धक्याने वारला. भातवडीत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले.

गोदातीर यांची कसोटी चित्रांनाही लावायला हवी, हे सांगण्यासाठी एवढे लिहिले. हे चित्र जर 'मलिक अंबरचा अंत' अशा मथळ्याखाली एखाद्या पुस्तकात छापले, तर वाचकाची शुद्ध फसवणूक होईल. पराभव करता न आलेल्या बादशहाच्या मनातली ती इच्छा आहे, हे मथळ्यातच सांगितले पाहिजे. नव्या पुस्तकांत रंगीत चित्रे भरपूर असतात, पण मथळे अनेकदा एका ओळीचे आणि मुके असतात.

जुने दालन

मी अनेक वर्षे एका सार्वजनिक ग्रंथालयात काम केले. धागाकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला, म्हणजे मराठीत काय आहे याला, उत्तर देतो.

मराठीत काही नाही ही समजूत खरी नाही. वा. वि. मिराशी यांनी वाकाटक, सातवाहन व पश्चिमी क्षत्रप आणि शिलाहार या घराण्यांवर मराठीतच ग्रंथ लिहिले, आणि त्यांत इतिहास व कोरीव लेख दोन्ही एकत्र दिले. शं. गो. तुळपुळे यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा संग्रह आहे. म. के. ढवळीकरांनी सिंधुसंस्कृतीवर सामान्य वाचकासाठी सोप्या मराठीत लिहिले, आणि ते स्वतः इनामगावच्या उत्खननात अग्रभागी असलेले पुरातत्त्वज्ञ होते. रा. चिं. ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय'मध्ये देवतेच्या इतिहासातून यादवकाळाचा समाज उलगडत जातो. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठीत आणली. हे सगळे आधार दाखवण्याच्या कसोटीला पूर्ण उतरते.

अडचण दुसरीकडे आहे. मिराशींचे ग्रंथ अभ्यासकासाठी लिहिलेले आहेत. राजांची वंशावळ, तिथी, लेखाचे वाचन आणि पाठभेद या क्रमाने ते जातात. वाचक ग्रंथ घेऊन जाई आणि चौथ्या दिवशी परत आणून देई, तर ऐतिहासिक कादंबरीसाठी नावनोंदणी करून थांबत असे. त्या वाचकाला दोष देता येणार नाही. कादंबरीकाराने त्याला माणसे दिली, आणि संशोधकाने त्याला कागद दिले. कागदांतून माणसे उभी करून पुन्हा कागदाकडे बोट दाखवणारा लेखक प्राचीन दख्खनच्या वाट्याला मराठीत फारसा आलाच नाही. मिराशींनी गोळा केलेली सामग्री हाताशी ठेवून कोणी तीनशे पानांचे, नकाशे आणि छायाचित्रे असलेले सातवाहनांचे पुस्तक लिहिले, तर ते गावोगावच्या ग्रंथालयांतून नक्की फिरेल.

एक उदाहरण देतो. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती आणि सगळी मुळात क्षत्रप नहपानाची. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. नाणे हातात धरले तर नहपानाच्या चेहऱ्यावरच सातवाहनांची टेकडीची आणि वर्तुळांची खूण उमटलेली दिसते, कुठे नाक बुजले आहे, कुठे कडेची ग्रीक अक्षरे अर्धवट उरली आहेत. गौतमीपुत्राने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, उच्छेद केला, असे त्याची आई गौतमी बलश्री हिचा नाशिकच्या लेण्यातील लेख सांगतो. नाणी तीच गोष्ट धातूवर सांगतात. यापेक्षा नाट्यमय प्रकरण कोणत्या कादंबरीत मिळणार आहे? हे कल्पनेने सजवण्याची गरजच नाही.

मंडाले रोड

दख्खनबाहेरच्या एका नव्या पुस्तकाची शिफारस करतो, कारण त्याचा धागा महाराष्ट्राशी अनपेक्षित ठिकाणी जुळतो. सॅम डालरिंपल यांचे 'शॅटर्ड लँड्स' २०२५ मध्ये आले. ब्रिटिश हिंदुस्थानची फाळणी १९४७ मध्ये एकदाच झाली नाही. ब्रह्मदेश आणि एडन १९३७ मध्येच वेगळे झाले, पुढे अरबी किनाऱ्यावरची संस्थाने सुटली, मग पाकिस्तान, संस्थानांचे विलीनीकरण आणि शेवटी १९७१ मध्ये बांगलादेश, अशी त्याची मांडणी आहे.

हे वाचताना वासुदेव बळवंत फडके आणि लोकमान्य टिळक यांची आठवण होते. फडक्यांना एडनला ठेवले आणि १८८३ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला; टिळकांना १९०८ मध्ये मंडालेला नेले आणि १९१४ पर्यंत तेथे ठेवले. आज नकाशा उघडला तर ही दोन परदेशांतील शहरे दिसतात, म्हणून आपण सहज 'परदेशात हद्दपार' असे म्हणून जातो. तेव्हा दोन्ही ठिकाणे ब्रिटिश हिंदुस्थानच्या कारभारात होती. एडन तर १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्या अखत्यारीत होते. आपल्या परिचयाच्या घटनेभोवतीचा नकाशाच एखादे पुस्तक बदलून दाखवते, तेव्हा ते वाचल्याचे सार्थक होते.

तेरणाकाठ

'द गोल्डन रोड'विषयी विचारायचे आहे. रोमचे सोने भारताकडे वाहत होते, ही गोष्ट आता सर्वत्र सांगितली जाते. ती कितपत पक्की आहे? आणि त्यात धाराशिव जिल्ह्यातील आमच्या तेरचे स्थान काय? गावातल्या संग्रहालयातील वस्तू लहानपणापासून पाहत आलो आहे, म्हणून उत्सुकता आहे.

गोदातीर

तेरणाकाठ, आपल्या प्रश्नाचे दोन भाग वेगळे करतो.

सोन्याच्या ओघाविषयीचे प्रसिद्ध विधान थोरला प्लिनी या रोमन लेखकाचे आहे : भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) शोषून घेतो. प्लिनी हे आकडे रोमन स्त्रीपुरुषांच्या चैनीवर कोरडे ओढताना देतो, त्यामुळे तो हिशेबनीसाच्या तटस्थपणे बोलत आहे असे मानणे धाडसाचे ठरेल. परंतु त्याच्या जोडीला एक रूक्ष व्यापारी कागद आहे. व्हिएन्ना येथे असलेल्या, दुसऱ्या शतकातील एका पपायरसवर केरळ किनाऱ्यावरील मुझिरिस बंदराच्या व्यापारासाठी केलेल्या कर्जाचा करार आणि 'हर्मापोलॉन' नावाच्या जहाजातून आलेल्या मालाची किंमत नोंदवलेली आहे, आणि ती किंमत कित्येक लाख सेस्टर्सच्या घरात जाते. तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरात भारतीय मिरी मोठ्या प्रमाणात सापडली आणि अलीकडे बुद्धमूर्तीही सापडली. तेव्हा व्यापार प्रचंड होता, हे पक्के. त्यामुळे रोम कंगाल झाले, हे मात्र या पुराव्यांतून निघत नाही. डालरिंपल यांची शैली उत्साही आहे आणि भारताच्या प्रभावाचे श्रेय ते मोकळ्या हाताने देतात. तो उत्साह वाचताना ही सीमारेषा वाचकाने लक्षात ठेवावी.

आता तेर. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर ही दख्खनच्या आतली दोन मोठी बाजारगावे सांगितली आहेत. तेथून माल गाड्यांवर लादून दुर्गम वाटांनी भडोच बंदराकडे नेत असत. तगर म्हणजे आपले तेर. पैठणहून तगर दहा दिवसांच्या वाटेवर आहे आणि तेथून साधे कापड व तलम मलमल जाते, असा त्यातला तपशील आहे. १९३८ मध्ये पाँपेई येथे एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, ती सध्या नेपल्सच्या संग्रहालयात आहे. व्हेसुव्हियसचा उद्रेक इसवी सन ७९ मधला, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच इटलीत पोचली होती. एवढी निःसंदिग्ध तारीख प्राचीन भारतीय शिल्पाला फार क्वचित मिळते. तिच्याशी जवळचे साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती भोकरदन आणि तेर येथे मिळाल्या आहेत, म्हणून ती दख्खनमध्ये घडली असावी असे अनेक अभ्यासक मानतात. तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे, आणि ती लिपी वायव्येकडची असल्याने दुसरे मतही आहे. ती लक्ष्मी की यक्षी, यावरही एकमत नाही. आपल्या गावच्या संग्रहालयातील हस्तिदंती मूर्ती आता पुन्हा पाहाल तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंनी पाहा, केशरचना आणि पाठीवर रुळणारी वेणी नीट न्याहाळा, आणि जमल्यास पाँपेईच्या मूर्तीचे छायाचित्र सोबत न्या. अभ्यासकांनी साम्य ठरवले ते अशाच तपशिलांवरून.

जुने दालन यांनी मांडलेल्या सातवाहनांच्या पुस्तकाच्या कल्पनेविषयी एक विचारणा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट या गावच्या यवनांनी (ग्रीक वा परदेशी लोकांनी) दिलेल्या दानांचे लेख आहेत, नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, नाशिकला बलश्रीचा. यांतील प्रत्येक ठिकाणी एका दिवसात जाऊन येता येते, पण तेथे उभे राहून लेखाचा मराठी अनुवाद वाचता येईल अशी पुस्तिका माझ्या पाहण्यात नाही. कोणाच्या संग्रही असल्यास नाव आणि प्रकाशनवर्ष येथे द्यावे. नसल्यास, मिराशींच्या ग्रंथातील या लेखांचे अनुवाद समोर ठेवून प्रत्येकी दोन पानांची टिपणे आपण येथेच तयार करू शकतो. नाणेघाटाचे टिपण मी लिहायला घेतो.

जुने दालन

अशी पुस्तिका माझ्याही माहितीत नाही. नाशिकचा बलश्रीचा लेख माझ्याकडे द्यावा. लेख मोठा आहे, त्यामुळे दोन पानांत बसणार नाही, चार लागतील.

ताम्रपट

कार्ले मी घेतो. स्तंभांचे क्रमांक निरनिराळ्या प्रकाशनांत निरनिराळे दिले आहेत, तेव्हा आधी जागेवर जाऊन डावी-उजवी रांग आणि प्रवेशद्वारापासूनचा क्रम नोंदवून आणतो, म्हणजे वाचकाला लेख शोधत फिरावे लागणार नाही.